निरीक्षणाला जाताय? शेवटच्या बाकावर बसू नका

डी.एल.एड. या प्राथमिक शिक्षक होण्यासाठीच्या पदविकेच्या पहिल्या वर्षाची मुलंमुली शाळेत निरीक्षणाला गेली, की आठवडाभरानं सगळ्यांच्या वह्यांत साधारण एकच मजकूर सापडतो. ‘वर्गवातावरण आनंददायी होते. प्रस्तावना विषयाला धरून होती. फलकलेखन सुवाच्य होते. विद्यार्थ्यांनी उत्स्फूर्त प्रतिसाद दिला.’ शाळा बदलली, इयत्ता बदलली, विषय बदलला तरी वाक्यं तीच. आळस हे याचं कारण नाही. निरीक्षणाचा छापील तक्ताच शिक्षकाभोवती आखलेला असतो: प्रस्तावना, हेतुकथन, विषयविवेचन, फलकलेखन, शैक्षणिक साहित्य. छात्राध्यापक मन लावून एकेक रकाना भरतो, आणि त्यासाठी तासभर फळ्याकडे बघत बसतो. ज्यांच्यासाठी तो तास आहे त्या पोरांच्या फक्त पाठी दिसतात.

एनसीटीई या शिक्षक-प्रशिक्षणाचे नियम ठरवणाऱ्या राष्ट्रीय परिषदेच्या २०१४ च्या नियमावलीनं या दोन वर्षांच्या अभ्यासक्रमात शाळेतल्या कामासाठी २० आठवडे ठेवले आहेत. त्यातले निरीक्षणाचे दिवस फार मोलाचे, कारण नोकरी लागल्यावर दुसऱ्याच्या वर्गात निवांत बसायला पुन्हा सहसा मिळत नाही. म्हणून ते कसे वापरायचे ते जरा तपशिलात लिहितो.

आधी जागा. शेवटच्या बाकावरून मुलांचे चेहरे दिसत नाहीत, हातही दिसत नाहीत. फळ्याच्या बाजूच्या भिंतीला टेकून, पहिल्या रांगेच्या किंचित पुढे बसा. तिथून मान वळवली की सगळा वर्ग समोर येतो आणि जवळच्या आठ-दहा वह्याही वाचता येतात. मुलं बसकरपट्टीवर असतील तर तुम्हीही खालीच बसा. खुर्चीवरून बघणारा माणूस मुलांना साहेब वाटतो, शाळा तपासायला आलेला. दारात किंवा खिडकीच्या उजेडात बसू नका, सावली फळ्यावर पडते. परिपाठाच्या आधी पंधरा मिनिटं पोचा. वर्गशिक्षकांना, बाईंना, आज काय शिकवणार आहात आणि मी कुठं बसू, एवढंच विचारा. पहिले दोन दिवस मुलं तुमच्याकडेच बघणार आणि शिक्षकही राखून ठेवलेला पाठ काढणार. ते दिवस वर्गाची ओळख करून घेण्यात घालवा. तिसऱ्या दिवसापासून वर्ग आपल्या मूळ चालीवर येतो.

वहीच्या पानाचे तीन भाग करा. डावीकडे अरुंद पट्टी वेळेसाठी. मधला भाग सगळ्यात रुंद: तिथं फक्त जे दिसलं आणि ऐकू आलं ते. उजवीकडे तुमचं मत. या मधल्या आणि उजव्या रकान्यांची सरमिसळ हीच सगळ्यात मोठी चूक. ‘मुलगा लक्ष देत नव्हता’ हे मत झालं. ‘११:२०, खिडकीजवळचा मुलगा पेन्सिलीला टोक करतोय, तीन मिनिटांत दुसऱ्यांदा’ ही नोंद. हाच मुलगा पुढं फळ्यावरचं उदाहरण सगळ्यांआधी सोडवतो तेव्हा पहिलं वाक्य उघडं पडतं, दुसरं तसंच टिकतं. तास चालू असताना उजवा रकाना कोरा ठेवा. दुपारी किंवा घरी परतताना एसटीत भरा, पण त्याच दिवशी. दुसऱ्या दिवशी आठवून लिहिलेल्या नोंदीत पुन्हा ‘आनंददायी वातावरण’ शिरतंच.

शेजारच्या पानावर वर्गाचा नकाशा काढा. प्रत्येक मुलासाठी एक चौकोन आणि त्यात नावाऐवजी क्रमांक. मुलांची नावं, घरची परिस्थिती, हजेरीपटावरचे तपशील वहीत उतरवायचे नाहीत. ही वही दहा जणांच्या हातांतून जाते. फोटो तर मुळीच काढू नका. आता शिक्षक प्रश्न विचारतील तसं चौकोनात खुणा करत जा: हात वर केला तर उभी रेघ, उत्तर द्यायला मिळालं तर रेघेला गोल. वीस मिनिटांत नकाशा बोलायला लागतो. बहुतेक वर्गांत गोल पुढच्या आणि मधल्या चार-पाच चौकोनांत गोळा झालेले दिसतात, आणि काही चौकोनांत रेघाच रेघा असतात पण गोल एकही नसतो. शिकवणाऱ्याला हे समोरून दिसत नाही. त्याला वर्गातून उत्तरं येताना ऐकू येतात, म्हणजे वर्ग चालला आहे असं वाटतं.

उत्तरांचेही प्रकार वेगळे मोजा. आपल्याकडं एक सवय फार खोल रुजलेली आहे. शिक्षक अर्धा शब्द बोलतात आणि वर्ग तो पुरा करतो. “पानांमध्ये हिरवं रंगद्रव्य असतं, त्याला म्हणतात हरित…” आणि तीस गळ्यांतून “द्रव्यऽऽ!” पुढं “समजलं का?” आणि “होऽऽ!” एकसुरातल्या उत्तराला माझा विरोध नाही. कविता, पाढे, नवा शब्द ओठांवर बसवायला ते उपयोगी आहे. पण त्या ‘होऽऽ’मध्ये किती जणांना समजलं हे कुणालाच कळत नाही. एका तासात असे किती अर्धे शब्द आले आणि पूर्ण वाक्यात उत्तर मागणारे प्रश्न किती, हे दोन आकडे लिहून ठेवा.

प्रश्न संपल्यापासून शिक्षक किती वेळ थांबतात तेही मनात मोजा: एक हजार एक, एक हजार दोन, एक हजार तीन. मेरी बड रो या अमेरिकी संशोधिकेनं १९७० च्या दशकात हेच मोजलं होतं. शिक्षक सरासरी सेकंदभरच थांबत होते. तीन सेकंद थांबायला लागल्यावर मुलांची उत्तरं लांबली आणि गप्प बसणारी मुलंही बोलायला लागली. बघायला सोपी, करायला अवघड गोष्ट आहे ही. तुमच्या पहिल्या सराव पाठाला वर्गात शांतता पसरली की ते तीन सेकंद खायला उठतील, म्हणून आत्ता दुसऱ्याच्या वर्गात त्यांची लांबी ओळखून घ्या.

आता ज्यासाठी खरं तर हे लिहायला घेतलं, ते वह्यांबद्दल. तिसरीचा वर्ग, हातच्याची वजाबाकी, फळ्यावर ५२ वजा २७. फेरी मारताना दोन मुलींच्या वह्यांत उत्तर दिसतं ३५. शिक्षक दोन्हींवर फुली मारतात आणि म्हणतात, “हातचा बघ नीट.” तुम्ही मात्र बाजूला बसून दोघींचे हात बघितलेत. पहिलीनं एककाच्या घरात २ मधून ७ जात नाहीत म्हणून सरळ ७ मधून २ काढले, ५ आले. मग ५ मधून २, तीन. म्हणजे ३५. दुसरीनं दशक सोडवून १२ केले, बोटं मोजून १२ मधून ७ काढले, ५ आले. पण दशकाच्या घरातले ५ खोडून ४ करायचे राहिले, म्हणून ५ मधून २, तीन. तिचंही ३५. पहिलीला दशक सोडवणं म्हणजे काय हेच माहीत नाही. तिच्या हातात दहा काड्यांचा गठ्ठा देऊन रबर काढायला लावलं पाहिजे. दुसरीला ते कळलंय, तिची फक्त एक पायरी सुटते. तिला गठ्ठा सोडवल्यावर उरलेले गठ्ठे मोजायला लावलं की पुरे. “हातचा बघ नीट” हे दुसरीला कामाचं, पहिलीला निरर्थक.

हा योगायोग अंकांमुळे घडतो. एककातल्या दोन अंकांत ५ चा फरक असला की या दोन्ही चुका एकाच उत्तराला येऊन मिळतात. तेच ५३ वजा २७ दिलं असतं तर पहिलीचं ३४ आलं असतं आणि दुसरीचं ३६, आणि वही बघूनच दोघी वेगळ्या कळल्या असत्या. पुढं पाठ टाचणात, म्हणजे पाठाच्या लेखी आराखड्यात, उदाहरणं निवडाल तेव्हा हे लक्षात ठेवा.

संख्यालेखनाच्या तासाला ‘एकोणतीस’ कसं लिहिलं जातं यावर डोळा ठेवा. कानावर ‘तीस’ पडतं आणि मूल ३९ लिहितं. आपल्या संख्यानामांत एकक आधी आणि दशक नंतर बोललं जातं, लिहिताना उलट, आणि त्यात ‘एकोण’ पुढच्या दशकाचं नाव घेऊन येतं. २०१९ मध्ये बालभारतीच्या दुसरीच्या पुस्तकात एकवीस, बावीससाठी ‘वीस एक, वीस दोन’ असं वाचन आलं आणि राज्यभर वाद झाला, त्याच्या मुळाशी हीच अडचण होती. वादात कुठल्याही बाजूला असा, पण सत्तावीस ऐकल्यावर मुलाची पेन्सिल आधी २ लिहिते की ७, हे बघितल्याशिवाय मत बनवू नका. काही मुलं आधी उजवीकडे ७ लिहितात आणि मग डावीकडे जागा शोधून २ लिहितात. उत्तर बरोबर येतं, पण तीन अंकी संख्येला अडकतात.

इयत्ता पहिलीच्या वाचनात बोट आणि आवाज बरोबर चालतात का बघा. धडा पाठ झालेलं मूल घडाघडा बोलतं, पण बोट एक-दोन शब्द मागं किंवा पुढं असतं. मधल्या सुट्टीत त्याच पानावरचा मधलाच एक शब्द झाकून-उघडून विचारला की कळतं. शिक्षकांना आधी सांगून मगच हे करा.

द्विशिक्षकी शाळेत पहिली-दुसरी एका खोलीत आणि तिसरी-चौथी दुसऱ्या खोलीत असते. तिथं शिकवत असलेल्या इयत्तेकडं कमी आणि काम देऊन बसवलेल्या इयत्तेकडं जास्त बघा. ‘सातचा पाढा लिहा’ असं सांगितल्यावर तो किती मिनिटांत संपला, आणि शिक्षक परत वळेपर्यंत किती मिनिटं रिकामी गेली, एवढं लिहा. चांगले शिक्षक दुसरं काम आधीच फळ्याच्या कोपऱ्यात लिहून ठेवतात. त्या कोपऱ्यात काय आहे ते जसंच्या तसं उतरवून घ्या, हे कुठल्या पुस्तकात सापडणार नाही.

शिक्षकांना ऑनलाइन माहिती भरायला बसावं लागतं आणि “जरा वर्ग बघा हो” म्हणून वर्ग तुमच्यावर येतो, हेही होणारच. नाही म्हणू नका. पण त्या तासाला निरीक्षणाची नोंद करू नका; वर्ग सांभाळला असं साधं लिहा.

तास संपल्यावर तीन वह्या मागून घ्या. एक पुढं असलेल्या मुलाची, एक मधल्याची, एक तुमच्या नकाशावर कोरा चौकोन असलेल्याची. “हे कसं केलंस, मला सांग ना” एवढंच विचारायचं, आणि उत्तर बरोबर असलेल्यालाही विचारायचं, नाहीतर तुम्ही विचारलं म्हणजे चुकलंच असं मुलं धरून चालतात. शिक्षकांशी बोलताना मत सांगू नका, नोंद पुढं करा: “बाई, ५२ वजा २७ ला दोघींचं ३५ आलंय, पण वेगवेगळ्या वाटेनं आलंय असं मला दिसलं. तुम्हाला काय वाटतं?” बहुतेक वेळा बाई वही ओढून घेतात आणि त्या दोघींना लगेच हाक मारतात.