नीरा, सावित्री आणि कृष्णा : एका दिवसात

रविवार, रात्रीचे साडेदहा

आज पहाटे साडेपाचला मी आणि माझा मित्र पुण्याहून निघालो. त्याची बुलेट पुढे, माझी दीडशे सीसीची गाडी मागे. भोर, वरंध घाट, पोलादपूर, आंबेनळी घाट, महाबळेश्वर, वाई आणि परत पुणे, असा सुमारे तीनशे किलोमीटरचा फेरा होता. सह्याद्री एका घाटाने उतरायचा आणि दुसऱ्याने चढायचा, ही माझी कित्येक वर्षांची इच्छा.

भोर सोडले तेव्हा हातमोज्यांतही बोटे बधिर झाली होती. पुढे नीरा-देवघर धरणाचे पाणी रस्त्याच्या सोबतीला आले. पाण्यावर धुके होते आणि रस्ता काठाकाठाने इतका वळत होता की तेच पाणी कधी समोर दिसे, तर कधी पाठीमागे जाई. आमचा एक जुना नियम आहे : पुढच्याने प्रत्येक फाट्यावर थांबायचे आणि मागच्याचा दिवा आरशात दिसल्याशिवाय हलायचे नाही. वीस वर्षांत त्याने हा नियम एकदाही मोडलेला नाही. अनोळखी रस्त्यावरही मी निर्धास्त असतो, तो त्यामुळेच.

वरंध घाटाचा रस्ता कावळ्या किल्ल्याच्या खिंडीतून पलीकडे उतरतो. वाघजाईच्या देवळाजवळ थांबून चहा आणि गरम कांदाभजी घेतली. तिथल्या कठड्याशी उभे राहिले की कोकण एकदम पायाखाली येते. आपण आलो त्या बाजूचे पाणी नीरेला मिळून पूर्वेकडे जाते आणि इथून पुढे पडणारा थेंब सावित्रीतून अरबी समुद्राला मिळतो, हे भूगोलाच्या पुस्तकात वाचलेले होते. पण ती कड प्रत्यक्ष ओलांडताना काय वाटते, ते आज कळले. उतारावर दुसरा गिअर ठेवून, इंजिनाच्या जोरावर गाडी आवरत, ब्रेक जपून वापरत आम्ही उतरलो. दहा-बारा वळणांनंतर हवा बदलली. आधी गळपट्टी सुटली, मग जॅकेटची चेन उघडली आणि माझेरीच्या आसपास पोहोचेपर्यंत घाम येऊ लागला. मोटारीच्या काचेआड बसून घाट उतरणाऱ्याला हा बदल असा अंगावर कळत नाही, म्हणूनच मला हा प्रवास दुचाकीवर करावासा वाटतो.

याच डोंगरउतारांवर जुलै 2021 मध्ये दरडी कोसळल्या आणि महाड तालुक्यातील तळीये गावावर मोठा आघात झाला. इथल्या हिरव्या-पिवळ्या उतारांकडे केवळ देखावा म्हणून बघणे मला तरी जमत नाही.

महामार्गाचा टप्पा भराभर संपवून पोलादपूरला जेवलो आणि आंबेनळीला लागलो. हा घाट सावित्रीच्या खोऱ्यातून वर चढतो. एका डाव्या वळणावर सांडलेली बारीक खडी मला दिसली नाही. मी घाबरून पुढचा ब्रेक दाबला आणि चाक हातभर सरकले. गाडी कशीबशी सावरली. मित्राने आरशात ते पाहिले असावे, कारण पुढच्या रुंद जागी तो थांबलेला होता.

“वळणाच्या आधी वेग कमी कर. वळणात शिरल्यावर पुढच्या ब्रेकला हात लावू नकोस रे,” एवढेच तो म्हणाला आणि माझे हात थरथरायचे थांबेपर्यंत शेजारी बसून राहिला. त्यानंतर मात्र त्याने स्वतःचाच वेग कमी केला. मला ते जाणवले. दोघांपैकी कोणी बोलले नाही.

वर प्रतापगड दिसू लागला. 10 नोव्हेंबर 1659 रोजी अफझलखान याच गडाच्या पायथ्याशी मारला गेला. खालून दुचाकीने चढत आल्यावर, जावळीच्या या अडचणीच्या मुलखात त्याला आणण्यात महाराजांचे केवढे भूगोलाचे ज्ञान होते, ते वळणावळणाला पटत जाते. आज गड चढायला वेळ नव्हता, याची चुटपुट लागली.

क्षेत्र महाबळेश्वरला पंचगंगेच्या मंदिरात गोमुखातून पडणाऱ्या पाण्याखाली हात धरले. कृष्णा, कोयना, वेण्णा, सावित्री आणि गायत्री या पाच नद्यांचे उगम इथे मानले जातात. ज्या सावित्रीच्या खोऱ्यातून दुपारभर चढत आलो, तिचे हे मूळ.

पसरणी घाट उतरून वाईला पोहोचलो तेव्हा सूर्य मावळत होता. ढोल्या गणपतीसमोरच्या घाटाच्या पायऱ्यांवर बूट काढून, पाय कृष्णेत सोडून आम्ही बसलो. मी त्याला सांगितले की, सकाळी पाहिलेली नीरा पुढे नरसिंहपूरला भीमेला मिळते आणि भीमा कर्नाटकात जाऊन कृष्णेला, म्हणजे ते पाणी शेवटी याच नदीत येणार आहे. तो बराच वेळ पाण्याकडे पाहत होता. “मग पुढच्या वेळी नरसिंहपूर,” तो म्हणाला.

कात्रजला आमच्या वाटा वेगळ्या झाल्या. दहाला त्याचा ‘पोहोचलो’ असा निरोप आला. पुढचे ब्रेक पॅड झिजले आहेत. उद्या सकाळी गाडी गॅरेजला टाकायची आहे.