संक्रांतीच्या हॉलमधली पुस्तकांची टेबलं

इंग्लंडात जानेवारीत चार वाजताच दिवे लावावे लागतात. संक्रांतीजवळचा शनिवार बघून इथलं मराठी मंडळ एखाद्या शाळेचा नाहीतर चर्चचा हॉल दुपारी दोन ते सहा भाड्यानं घ्यायचं. काळ्या साड्या, बोरन्हाणाला बसवलेली हलव्याच्या दागिन्यांतली बाळं, स्वयंपाकघरातून येणारा गूळपोळीचा वास. आणि खिडक्यांखाली ओळीनं लावलेली पाच-सहा टेबलं, पुस्तकांची. कितीतरी माणसं अंगावरचा कोट न काढताच आधी तिकडे वळायची.

पुस्तकांचा दिवस दिवाळीला न ठेवता संक्रांतीला ठेवला हे फार बरं झालं. दिवाळीच्या कार्यक्रमात नाटक, फराळ, मुलांचे नाच; निवांत पानं चाळायला सवड कुणाला? शिवाय दिवाळी अंकांचा हिशोब होता. १९०९ साली 'मनोरंजन'नं दिवाळी अंक काढला तेव्हापासून मराठी घराची दिवाळी अंकाशिवाय पुरी होत नाही, पण परदेशात तो ऐन दिवाळीत हाती पडतोच असं नाही. कुणी नोव्हेंबरात भारतातून येतं, कुणी नाताळच्या सुट्टीत जाऊन येतं. संक्रांतीपर्यंत दहा-बारा अंक जमलेले असायचे. मग चिठ्ठ्या टाकून त्यांची फिरती ठरायची. एका घरी दोन आठवडे. पुढच्या घरांची नावं मुखपृष्ठाच्या आत चिकटवलेल्या कागदावर. बारा अंक, बारा घरं, चोवीस आठवडे. जुलै उजाडेपर्यंत सगळ्यांचं सगळं वाचून व्हायचं. ही साखळी तुटते ती एकाच कारणानं: अंक पुढं कुणी पोचवायचा हे ठरलेलं नसतं. 'ज्याचं वाचून झालं त्यानंच नेऊन द्यायचा' एवढं पहिल्या दिवशी स्पष्ट सांगावं.

पुस्तकं यायची ती कुणाच्या तरी गॅरेजमधून. सुपरमार्केटातली केळ्यांची मोठी खोकी फुकट मिळतात म्हणून नवीन माणूस ती आणतो, आणि इथंच चुकतो. असं खोकं पुस्तकांनी गच्च भरलं की वीस-पंचवीस किलोचं होतं. एकट्यानं उचलायचं म्हणजे कमरेला दुखणं, नाहीतर खोक्याचा तळ सुटणार. दोनशे पानांचं डेमी आकाराचं पुस्तक साधारण पाव किलोचं. चाळीस-पंचेचाळीस पुस्तकं मावतील असं लहान, जाड पुठ्ठ्याचं खोकं बारा किलोच्या आत राहतं. पुस्तकं आडवी रचावीत किंवा कणा खाली करून. कणा वर ठेवला तर पानांचं वजन शिवणीला ओढतं आणि आपली जुनी गोंदबांधणी तेवढं सोसत नाही.

इथल्या गॅरेजची ओल हा पुस्तकांचा खरा शत्रू. डांबरगोळ्यांनी बुरशी थांबत नाही, वास मात्र जन्मभर राहतो. खोकी फरशीवर न ठेवता फळीवर ठेवायची, भिंतीपासून चार बोटं लांब. कार्यक्रमाच्या आदल्या दिवशी ती घरात आणून बंदच ठेवायची. थंडगार पुस्तक एकदम उबदार हॉलमध्ये उघडलं की गुळगुळीत मुखपृष्ठाला दव धरतं. कसर लागल्याची शंका आली तर पुस्तक प्लास्टिकच्या पिशवीत घट्ट बंद करून दोन आठवडे फ्रीझरमध्ये ठेवावं आणि बाहेर काढल्यावर एक दिवस पिशवी उघडू नये.

नोंदणीत सगळ्यात जास्त गोंधळ. फोननं बारकोड टिपून यादी करायचा उत्साह दरवर्षी कुणाला तरी यायचा, पण जुन्या मराठी पुस्तकांवर बारकोडच काय, आयएसबीएन, म्हणजे पुस्तकाचा ओळख-क्रमांकही नसतो. यादी रोमन लिपीत केली तर एकच नाव चार तऱ्हांनी लिहिलं जातं. यादी देवनागरीतच असावी, आणि प्रत्येक पुस्तकाला एक साधा आकडा. तो कण्याच्या तळाशी कागदी लेबलवर लिहायचा. लेबलवर साधी सेलोटेप लावू नये. काही वर्षांत ती पिवळी पडते आणि तिचा गोंद पाझरून शेजारच्या पुस्तकाला चिकटतो.

त्या टेबलांपाशी सगळ्यात जास्त वेळ जायचा तो पहिल्या पानावर. 'चि. सौ. कां. हिस लग्नाप्रीत्यर्थ', कुणाच्या मामांची झोकदार सही, सातवीतल्या बक्षिसाचा शाळेचा शिक्का, कधीच बंद पडलेल्या एखाद्या वाचनालयाचा जांभळा शिक्का आणि त्यावर 'पाने दुमडू नयेत'. एखाद्या घरातले आजी-आजोबा गेले की त्यांचं अख्खं कपाट मंडळाकडे यायचं. ती पुस्तकं हाताळताना टेबलापाशी आवाज आपोआप खाली यायचे. अशा पुस्तकांतला अर्पणाचा मजकूर, सह्या, तारखा झाकू नयेत. मंडळाचा शिक्का मागच्या पानावर मारावा.

भेट म्हणून येणारं सगळंच घ्यायचं नसतं हे मात्र कठोरपणे पाळावं लागतं. तीन खंडांतला सुटा दुसरा खंड, जुनी पंचांगं, परीक्षेची गाइडं यांनी दोन खोकी सहज भरतात. 'स्वतः वाचलेलं आणि दुसऱ्याला आग्रहानं देता येईल असं' हा नियम पत्रिकेतच छापलेला बरा.

दाराजवळ एक वही असायची, 'हवी आहेत' असं लिहिलेली. नाव, लेखक, प्रकाशक, यांतलं जे माहीत असेल ते लिहायचं. सुट्टीत भारतात जाणाऱ्या प्रत्येक कुटुंबानं यादीतली चार पुस्तकं आणायची, चारच. चार पुस्तकं म्हणजे किलो-सव्वा किलो. तेवीस किलोच्या बॅगेत कुणालाही जड होत नाहीत. वीस घरं गेली की ऐंशी पुस्तकं झाली. कुरियरनं मागवायचं तर वाहतुकीचा खर्च पुस्तकाच्या किमतीच्या वर जातो. अप्पा बळवंत चौकात जाण्याआधी प्रकाशकाकडे फोन करून आवृत्ती शिल्लक आहे का ते विचारावं, नाहीतर पुण्यातली अर्धी सकाळ फुकट जाते.

कोपऱ्यातल्या टेबलावर एक लॅपटॉप आणि ग्रंथालयांची माहिती असलेलं माणूस. ही जागा सगळ्यांत मोलाची होती असं आम्हाला आजही वाटतं. लंडनमध्ये मराठी पुस्तकांचा केवढा ठेवा आहे! १८६७च्या कायद्यानं हिंदुस्थानात छापलेल्या पुस्तकांची सरकारदरबारी नोंद होऊ लागली आणि त्यांतली निवडक इकडे येऊ लागली. ब्रिटिश म्युझियममधल्या मराठी-गुजराती छापील पुस्तकांची सूची १८९२ सालीच प्रसिद्ध झाली. आज तो संग्रह ब्रिटिश लायब्ररीत आहे. पुस्तक घरी मिळत नाही. वाचक-पास काढून, आधी मागणी नोंदवून तिथंच बसून वाचायचं. लंडन विद्यापीठातल्या 'सोआस' या संस्थेच्या ग्रंथालयातही मराठीचं दालन समृद्ध आहे.

तरीही 'शोधलं, नाही मिळालं' असं लोक सांगायचे, आणि दहांतल्या आठ वेळा दोष स्पेलिंगचा असायचा. मोठ्या ग्रंथालयांच्या सूचीत मराठी नावं रोमन लिप्यंतरानं नोंदवतात, उच्चाराप्रमाणे नाही. 'च'साठी नुसता 'सी'. 'सीएच' लिहिलं की तो 'छ' होतो. 'श'साठी 'एस', त्यावर तिरकी रेघ. शोधताना रेघ सोडली तरी चालतं. आणि प्रत्येक अक्षरातला 'अ' लिहायचा, शेवटचासुद्धा. म्हणून 'चव्हाण' शोधायचे तर सुरुवातीला 'सी' आणि शेवटी 'ए' हवा. 'कुलकर्णी'त 'ल'नंतरचा 'ए' गाळला की ते सापडत नाहीत. एवढं कळल्यावर माणसं घरी जाऊन रात्रभर शोधत बसायची. अमेरिकेतल्या नातेवाइकांनाही हीच किल्ली लागू पडते. लायब्ररी ऑफ काँग्रेसच्या दिल्ली कचेरीनं १९६२पासून भारतीय भाषांतली पुस्तकं घेऊन तिकडच्या विद्यापीठांना पाठवली. शिकागोसारख्या ठिकाणी मराठीची रांगच्या रांग आहे, आणि आंतरग्रंथालयीन देवघेवीतून ती गावच्या लायब्ररीत मागवता येतात.

गावच्या सार्वजनिक लायब्ररीत मराठी पुस्तकं असलीच तर पुष्कळदा हिंदीत मिसळलेली असतात, कारण लिपी एकच. तिथल्या बाईंना एक खूण सांगून ठेवावी: 'ळ' दिसला, 'आहे' दिसलं, की मराठी. आणि पुस्तकं नेत राहावीत. जे वर्षानुवर्षं कुणी नेत नाही ते फळीवरून काढून टाकतात.

मुलांच्या टेबलावर जाड पुस्तकं ठेवून उपयोग नाही. सोळा ते चोवीस पानं, मोठा टाइप, पानावर दोन-तीन ओळी, जोडाक्षरं कमीत कमी. शनिवारच्या मराठी शाळेतली मुलं 'बदक' झटकन वाचतात, 'स्वच्छ'पाशी अडतात. त्यांच्या मदतीला धावायचे ते सहा महिन्यांच्या व्हिसावर आलेले आजी-आजोबा. हॉलमधले सर्वांत भुकेले वाचकही तेच. बाहेर बर्फाळ वारं, मुलगा-सून कामावर, आणि ओळखीच्या भाषेतला कागद कुठं नाही. त्यांना पुस्तकांची मर्यादा घालू नये, हे कुणी न सांगता ठरून गेलेलं होतं.

लांबच्या गावी राहणाऱ्या, वर्षातून एकदाच येऊ शकणाऱ्या कुटुंबांसाठी पेटीची सोय असायची. नाशिकच्या कुसुमाग्रज प्रतिष्ठानच्या 'ग्रंथ तुमच्या दारी'नं पंचवीस पुस्तकांची पेटी परदेशापर्यंत नेली, तोच आकडा इथंही उत्तम जमतो. पंचवीसांत पाच विनोदी, पाच चरित्रं, चार मुलांची, बाकी कथा-कादंबऱ्या आणि एखादा कवितासंग्रह. झाकणाच्या आत यादी चिकटवायची, म्हणजे परत येताना काय राहिलं ते लगेच कळतं.

साडेपाचला आवराआवर. उरलेली भेटीची पुस्तकं 'घेऊन जा'च्या टेबलावर, गूळपोळ्या फॉइलमध्ये, खोकी गाड्यांत. आणि 'हवी आहेत'ची वही, जिच्या घरचं भारताचं तिकीट सगळ्यांत आधीचं, तिच्या पर्समध्ये.