कानाने दिलेली ओ

मांजराला हाक मारली आणि त्याने ओ दिली, असं क्वचितच घडतं. मनी, मन्या, चिंगी, जे असेल ते नाव तीनदा घ्यावं, तरी स्वारी खिडकीत पाठमोरी. तेच ओट्यावर मांदेलीची पिशवी नुसती सळसळली, की पायात घोटाळायला हजर. मतलबी म्हणा हवं तर, पण हाक ऐकलीच नाही असं म्हणू नका. त्या पाठमोऱ्या मांजराचे कान बघावेत. नाव घेताच एक कान किंचित मागे वळतो, कधी दोन्ही वळतात. हीच त्याची ओ. २०१३ साली अत्सुको साइतो आणि काझुताका शिनोझुका या जपानी संशोधकांनी घरगुती मांजरांना परक्यांच्या आणि मालकाच्या हाका ध्वनिमुद्रित करून ऐकवल्या. मालकाचा आवाज मांजरांना ओळखता आला. उत्तर मिळालं ते मात्र बहुतेक कान आणि मान वळवूनच. जागचं उठायची तसदी कोण घेतो!

ऐकण्याची ऐपत बघितली तर हा आळस जास्तच खुपतो. माणसाचा कान साधारण २० ते २०,००० हर्ट्‌झपर्यंत चालतो. मांजराचा ४८ पासून थेट ८५,००० पर्यंत. खर्जात आपण थोडे सरस, पण आपलं जिथे संपतं त्याच्या वर मांजराला आणखी दोन सप्तकं मोकळी आहेत. कुत्र्याचीही मजल ४५,००० च्या आसपास थांबते. ही वरची सप्तकं कशाला, तर उंदरासाठी. उंदराची पिल्लं आईला बोलावतात ती ४०,००० हर्ट्‌झच्या वर. माळ्यावर असा कालवा चाललेला असतो आणि खाली आपण म्हणतो, आज घर कसं शांत आहे. उंदीर पळवायची प्लगमधली यंत्रं याच पट्ट्यात वाजतात. म्हणजे त्यांची कटकट उंदराला होवो न होवो, मांजराला नक्की ऐकू जाते. घरात मांजर असेल तर ते यंत्र न घेतलेलं बरं. घेतलंच असेल तर निदान तिच्या झोपायच्या कोपऱ्यात नको.

गणपतीचे कान सुपासारखे, मांजराचे नरसाळ्यासारखे. डझनावारी स्नायू त्यांना हलवतात आणि प्रत्येक कान स्वतंत्रपणे जवळजवळ अर्धवर्तुळ फिरतो. आवाज नेमका कुठून आला हे सांगण्यात मात्र माणूस पुढे आहे, हे मांजरप्रेमींना रुचत नाही. समोरच्या बाजूचा एक अंशाचा फरक आपल्याला कळतो, मांजराला पाचेक अंश लागतात. झेप घ्यायला तेवढे पुरतात. शेवटच्या वितीचं काम डोळे आणि मिशा बघून घेतात.

पांढऱ्याशुभ्र, निळ्या डोळ्यांच्या मांजरांची गोष्ट निराळी. डार्विननेही १८५९ साली त्यांच्या बहिरेपणाची नोंद केली होती. सरसकट सगळी बहिरी नसतात, पण प्रमाण मोठं आहे. एकच डोळा निळा असेल तर बहिरा कान बहुधा त्याच बाजूचा. रंग देणाऱ्या पेशी आतल्या कानातही लागतात. तिथे त्या नसल्या की जन्मानंतर थोड्याच दिवसांत तो कान निकामी होतो.

असं पिल्लू घरी आलं की लोक त्याच्यामागे टाळी वाजवून बघतात, आणि इथेच फसगत होते. टाळीचा झोत मिशांना लागतो. पाय आपटला तर हादरा लादीतून पंजांपर्यंत पोचतो. बहिरं पिल्लूही मान वळवतं आणि घरचे निर्धास्त. त्यापेक्षा ते पेंगत असताना दाराआडून, दोन-तीन मीटरवरून, किल्ल्यांचा जुडगा एकदाच खुळखुळवावा. त्या किणकिणाटात आपल्याला न ऐकू येणारे उंच स्वरही भरपूर असतात. कान हलला तर ठीक. नाही हलला तर थोडं थांबून वेगळा आवाज करावा, कारण तोच तो ऐकून मांजर चक्क कानाआड करतं. एकाच बाजूने बहिरं असेल तर हा उपाय चालत नाही, चांगला कान दोघांचं काम उरकतो. मग पशुवैद्याकडची बेअर चाचणीच करावी लागते. तीत इलेक्ट्रोड लावून कानाकडून मेंदूकडे जाणारे संकेत मोजतात.

म्हाताऱ्या मांजरांत याच्या उलटही घडतं. दहा-पंधरा वर्षांच्या काही मांजरांना ठरावीक आवाजाने झटके येतात. अॅल्युमिनियमची फॉइल चुरगळणं, चिनी मातीच्या वाटीत चमचा पडणं, काचेवर काच आपटणं, अशा उंच, खणखणीत आवाजांनी. घरचे ते दचकणं समजतात आणि हसण्यावारी नेतात. हसू नये. मोबाइलवर चित्रण करून पशुवैद्याला दाखवावं, आवाज कोणता होता तेही सांगावं. यावर औषध आहे. तोवर तिच्या खाण्याची चिनी मातीची वाटी बदलून प्लास्टिकची घ्यावी, आणि भांडी पालथी घालताना खाली जाडसं फडकं अंथरावं.