एका पानाचा मेळावा

आमच्या गावच्या सार्वजनिक वाचनालयाचे वाचक मंडळ दरवर्षी मार्गशीर्षातल्या दुसऱ्या रविवारी वार्षिक मेळावा भरवते. गाव कृष्णाकाठचे, तालुक्याचे. त्या दिवसांत आसपासची गुऱ्हाळे सुरू झालेली असतात, त्यामुळे मेळाव्यात चहाबरोबर नव्या गुळातले शेंगदाण्याचे लाडू असतात आणि वाचनालयाच्या जिन्यावरच त्यांचा वास येऊ लागतो. वरच्या मजल्यावर सतरंज्या अंथरलेल्या, समोर एक लाकडी मेज, मेजावर पितळी घंटी आणि लाल कापडी बांधणीची एक जाड वही, एवढीच मांडामांड. हार नाहीत, शाल-श्रीफळ नाही, प्रमुख पाहुणे नाहीत.

मेळाव्याचा नियम मी १९९६ साली सभासद झाले तेव्हा जो होता तोच आजही आहे. त्या वर्षी वाचलेल्या कादंबरीतले किंवा आत्मकथनातले एकच पान उभे राहून मोठ्याने वाचायचे आणि मग तेच पान का निवडले, हे पाच मिनिटांत सांगायचे. लेखकाचा परिचय द्यायचा नाही, कथानक सांगायचे नाही. पाच मिनिटे झाली की ग्रंथपाल बाई घंटी वाजवतात. वाचणाऱ्याचे नाव, पुस्तकाचे नाव, दाखल क्रमांक आणि पानाचा आकडा त्या लाल वहीत लिहिला जातो. तिला आम्ही ‘पानवही’ म्हणतो. पुस्तकांविषयी आज माझी जी काही मते आहेत, ती या सतरंजीवर बसून, दुसऱ्यांच्या तोंडून पाने ऐकत तयार झालेली आहेत.

माझ्या दुसऱ्याच मेळाव्यात, १९९७ साली, महाविद्यालयात शिकणाऱ्या एका मुलाने दया पवारांच्या ‘बलुतं’मधले पान वाचायला घेतले. पुस्तक १९७८ चे, म्हणजे तेव्हाच जवळजवळ वीस वर्षांचे झालेले, पण आमच्या मंडळात ते मोठ्याने कधीच वाचले गेले नव्हते. कावाखाना या मुंबईतल्या वस्तीच्या वर्णनात एक शिवी आली आणि पुढे बसलेल्या एका ज्येष्ठ सभासदांनी हात वर करून, सभेत महिला आहेत, याची आठवण करून दिली. मुलगा थांबला. तेव्हा खांबाला टेकून बसलेल्या, सत्तरी ओलांडलेल्या एक आजी शांतपणे म्हणाल्या, “वाचू दे बाळा त्याला. हे सगळं आमच्या कानांवरून गेलेलंच आहे, फक्त छापलेलं नव्हतं.” मुलाने पान पुरे केले. दगडू मारुती पवार दया पवारांना आपली कहाणी सांगतो, म्हणजे एकच माणूस सांगणारा आणि ऐकणारा अशा दोन ठिकाणी उभा राहतो, ही त्या पुस्तकाची मांडणी मला घरी एकटीने वाचताना केवळ एक युक्ती वाटली होती. त्या दिवशी एका तरुणाच्या आवाजात ते ऐकताना कळले की, शिकून वर आलेल्या माणसाला आपल्याच पूर्वीच्या नावाशी बोलायला दुसरी वाटच उरलेली नव्हती.

सुनीताबाई देशपांडे यांचे ‘आहे मनोहर तरी’ हे १९९० चे पुस्तकही याच सुमारास तीन वर्षांत तीनदा वाचले गेले. पानवहीत तिन्ही वेळा निराळा पानाचा आकडा आहे आणि तिन्ही वेळा चर्चा लाडू संपले तरी चालूच राहिली. आवडत्या लेखकाच्या, म्हणजे त्यांचे पती पु. ल. देशपांडे यांच्या, घरातले असे का सांगावे, हा पुरुष सभासदांचा प्रश्न होता, आणि स्त्रियांपैकी बहुतेकींना तो प्रश्नच पडलेला नव्हता. माझे मत तेव्हाही असे होते आणि आजही आहे की, त्या पुस्तकाचे मोल त्यातल्या तक्रारींत नाही. लिहिणारी बाई स्वतःलाही त्याच कठोरपणे तपासते, आणि शिस्तीचा अट्टहास आपल्याला कुठे घेऊन गेला ते लपवत नाही, यात ते आहे. आत्मकथनात दुसऱ्याची झाडाझडती घेणे सोपे असते.

उर्मिला पवार यांच्या ‘आयदान’चे पान मात्र मी जन्मात विसरणार नाही. पुस्तक २००३ साली आले. ते वाचले ग्रामीण रुग्णालयातल्या एका परिचारिका ताईंनी, पुढच्या वर्षाच्या मेळाव्यात. त्या मूळच्या कोकणातल्या, आणि त्यांची आई, लेखिकेच्या आईप्रमाणेच, बांबूची सुपे आणि टोपल्या विणून घर चालवत असे. ताई येताना आईने विणलेले एक जुने सूप पिशवीत घालून घेऊन आल्या होत्या. गावातल्या बाया डोक्यावर ओझी घेऊन डोंगराची वाट तुडवत रत्नागिरीच्या बाजाराला जातात, त्या सुरुवातीच्या भागातले पान त्यांनी वाचायला घेतले, आणि अर्ध्यावर आले असताना वीज गेली. ते दिवस भारनियमनाचे होते. कोणी मेणबत्ती शोधू लागले, पण ताई म्हणाल्या, “राहू द्या अंधार, सूप हातात घेऊन बघा.” ते सूप एका हातातून दुसऱ्या हातात फिरू लागले आणि ताई त्या अंधारातच सांगत राहिल्या. मधल्या भागावर बोट फिरवा, पट्टी एकसारखी लागते. कडेला या, तिथे ती वळवून आत घेतलेली आहे. त्या वळणावर धार राहिली तर पाखडणारीचा हात कापतो, म्हणून आई ती जागा सुरीने पुन्हा पुन्हा तासायची आणि तेवढे करताना तिची स्वतःची बोटे चिरलेली असायची. माझ्या हातात सूप आले तेव्हा कडेची ती जागा मी अंगठ्याने चाचपली. ती गुळगुळीत होती.

आईचे विणणे आणि आपले लिहिणे यांची वीण एकच आहे, असे लेखिकेने म्हटले आहे. ते मी वाचले होते आणि एक चांगली उपमा म्हणून पुढे गेले होते. त्या मेळाव्यानंतर मी तो भाग पुन्हा काढून वाचला. मुलाच्या मृत्यूविषयी लिहितानाही ‘आयदान’ची भाषा सुटत नाही किंवा भडक होत नाही, याचे कारण मला तिथे सापडले. ज्या आत्मकथनात वस्तूंची नावे, कामाच्या रीती, वाटेतली ठिकाणे जशीच्या तशी येतात, त्या आत्मकथनाला दुःख दाखवून द्यावे लागत नाही. अलीकडे येणाऱ्या कितीतरी आत्मचरित्रांत हेच हरवलेले दिसते. गरिबी, जिद्द, परीक्षा, यश, सत्कार असा त्यांचा क्रम ठरलेला असतो, आणि घरात चूल कुठल्या कोपऱ्यात होती हे तीनशे पाने वाचूनही समजत नाही. अशी पुस्तके मेळाव्यात वाचली जातात तेव्हा सभागृहात कुणी हलत नाही, पण कुणी पान क्रमांकही विचारत नाही.

कादंबऱ्यांच्या बाबतीत माझी तक्रार थोडी निराळी आहे. गेल्या पंधरा-वीस वर्षांतल्या पुष्कळ मराठी कादंबऱ्या आधी विषय ठरवून लिहिल्यासारख्या वाटतात. विस्थापन, शेती, शिक्षणातला बाजार हे विषय मोलाचेच आहेत, परंतु पात्रे एकमेकांशी बोलण्याऐवजी आम्हाला माहिती सांगू लागली की मोठ्याने वाचताना ते लगेच उघडे पडते. वाचणाऱ्याचा आवाज बातम्या दिल्यासारखा सपाट होतो. उलट, भालचंद्र नेमाडे यांची ‘हिंदू’ २०१० साली आली तेव्हा तिच्या आकाराला बिचकून कोणी ती वाचेल असे वाटले नव्हते, तर त्या एका मेळाव्यात चौघांनी तिच्यातली चार पाने वाचली, आणि चारही पानांत चार निरनिराळ्या माणसांचे बोलणे ऐकू आले. संपूर्ण कादंबरी मला आजही पसरट वाटते, तिच्यातली काही प्रतिपादने पटतही नाहीत. पण खंडेरावाच्या घरातली आणि गावातली माणसे बोलू लागली की ती ऐकत राहावीशी वाटतात, हे मान्य केले पाहिजे.

मंडळातले एक कापड व्यापारी निपाणीला कानडी शाळेत शिकलेले आहेत. त्यांनी एके वर्षी विवेक शानभाग यांची ‘घाचर घोचर’ ही छोटी कादंबरी मूळ कानडीतून आणली. प्रत्येक वाक्य आधी कानडीत वाचायचे आणि मग जागच्या जागी मराठीत सांगायचे, असे करत त्यांनी ते पान वाचले. ‘घाचर घोचर’ हा शब्द कानडीतही नाही. पतंगाच्या दोऱ्याचा गुंता झाला तेव्हा एका घरातल्या बहीण-भावाने तो तयार केलेला आहे, आणि लग्नानंतर ती बहीण तो आपल्या नवऱ्याला सांगते. हे ऐकल्यावर पाच मिनिटांची घंटी वाजली, पण सभा ऐकेना. ज्याच्या त्याच्या घरातले असे शब्द निघू लागले. एका घरात झोपेतून अर्धवट उठलेल्या मुलाच्या रडवेल्या अवस्थेला ‘टिपीर’ म्हणतात. दुसऱ्या घरात कधीच नीट न लागणाऱ्या माजघराच्या दाराला ‘भुंडूक’ हे नाव आहे. सगळे हसत असताना व्यापारी काका म्हणाले की, पुस्तकातले घर मसाल्याच्या धंद्यात श्रीमंत झालेले आहे आणि ते मुंग्या चिरडता चिरडता कुठे जाऊन पोचते ते घरी जाऊन वाचा. मी वाचले. इतक्या थोड्या पानांत एवढी भीती मला दुसऱ्या कुठल्याही समकालीन कादंबरीने घातलेली नाही. घरगुती शब्दाचा ऊबदारपणा आणि त्याच घराने केलेली हिंसा यांच्यामध्ये लेखक एकही स्पष्टीकरणाचे वाक्य घालत नाही.

कानडी पुस्तके आमच्याकडे अशी कानांवाटे येण्याला एक मोठा आधार आहे. उमा कुलकर्णी यांनी भैरप्पांच्या कादंबऱ्या मराठीत आणल्या, त्या त्यांचे पती विरूपाक्ष यांनी कानडीतून वाचून ध्वनिफितीवर मुद्रित केलेला मजकूर ऐकून ऐकून. ‘संवादु अनुवादु’ या त्यांच्या आत्मकथनातला तो भाग ग्रंथपाल बाईंनी वाचला, तेव्हा आमच्या मेळाव्याची रीत ही काही केवळ हौस नाही, असे मला फार समाधानाने वाटले.

२०२० साली मेळावा भरला नाही. पानवहीत त्या वर्षाचे पान कोरे ठेवले आहे.

गीतांजली श्री यांच्या ‘रेत समाधि’च्या इंग्रजी अनुवादाला २०२२ मध्ये आंतरराष्ट्रीय बुकर पुरस्कार मिळाला, तोवर २०१८ सालची ही हिंदी कादंबरी आमच्यापैकी एकाच व्यक्तीने वाचलेली होती. निवृत्त झालेल्या हिंदीच्या शिक्षिका, त्यांनीच त्या वर्षी पान वाचले. नवरा गेल्यावर ऐंशी वर्षांची आई अंथरुणावर घरच्यांकडे पाठ करून भिंतीकडे तोंड करून पडते आणि उठायचे नाव घेत नाही, तो भाग. मी ही कादंबरी पुरस्कारानंतर विकत घेऊन मध्यावर सोडून दिली होती. शब्दांचे ते खेळ, दाराचे आणि कावळ्यांचे बोलणे मला लेखिकेचा हट्ट वाटला होता. त्या शिक्षिकाबाईंच्या आवाजात मात्र तेच शब्द म्हातारीच्या कुशीवर वळण्याच्या गतीने येऊ लागले. पहिल्या काही वाक्यांना वयस्कर बायका हसल्या आणि मग एकदम गप्प झाल्या. पुढे ती म्हातारी उठते आणि सीमा ओलांडून पाकिस्तानात जाते. हे मी नंतर, घरात दार लावून, मोठ्याने वाचत पुरे केले. मधला भाग लांबला आहे, हे माझे मत बदललेले नाही. परंतु ज्या पुस्तकाला मी दुर्बोध म्हणून बाजूला ठेवले, ते ऐकण्यासाठी लिहिलेले होते आणि मी ते फक्त डोळ्यांनी वाचत होते, ही माझी चूक होती.

२०२५ सालच्या मेळाव्यात अकरावीतल्या एका मुलीने अरुंधती रॉय यांच्या ‘मदर मेरी कम्स टू मी’ या आत्मकथनातले पान इंग्रजीतून वाचले आणि मराठीत समजावून सांगितले. मेरी रॉय यांच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने १९८६ साली केरळातल्या सीरियन ख्रिस्ती स्त्रियांना वडिलांच्या मालमत्तेत समान हक्क मिळवून देणारा निकाल दिला. हीच स्त्री घरात स्वतःच्या मुलांशी किती कठोर वागे, हे लेकीने लिहिले आहे, आणि तरीही आईला लहान केलेले नाही. मुलगी बोलत असताना मला सुनीताबाईंच्या पुस्तकावर झालेले जुने वाद आठवत होते. या वेळी ‘घरातले का सांगावे’ असे कोणी विचारले नाही.

एका पुस्तकाचे मात्र आमच्या मेळाव्याने नुकसान केले आहे. सदानंद देशमुख यांची ‘बारोमास’, जिला २००४ साली साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला, तिचे पान आमच्याकडे एका सभासदाने फार पूर्वी वाचले होते. आम्ही उसाच्या आणि कालव्याच्या मुलखातले. वऱ्हाडी बोली त्याच्या तोंडात बसेना, तो अडखळला, लोक आपापसांत बोलू लागले आणि घंटी पाच मिनिटांच्या आत वाजली. शिकून शेतीत अडकलेल्या एकनाथाची ती कहाणी आम्ही नीट ऐकूनच घेतली नाही. गेल्या महिन्यात आमच्या शेजारी बुलढाण्याकडचे एक कुटुंब राहायला आले आहे. त्यांच्या आजींना मी विचारले आणि त्यांनी दुपारच्या वेळी माझ्याबरोबर बसून दोन पाने त्यांच्या उच्चारांत वाचून दाखवली. कुठे थांबायचे, कुठला शब्द ओढायचा, ते मी पेन्सिलीने कागदावर टिपून घेतले आहे. पुस्तक वाचनालयातूनच आणले. मागच्या तारखांच्या चिठ्ठीवर शेवटचा शिक्का २०११ चा होता, आणि त्याच्याखाली आता या वर्षाचा, माझा.