व्याध यादीत का नव्हता?

संगणकीय दुर्बीण विकत घेणाऱ्या बहुतेकांची अशी समजूत असते, आणि माझीही होती, की बटण दाबले की यंत्र स्वतःच आकाश ओळखेल. प्रत्यक्षात त्या यंत्राला आकाश दिसतच नाही. त्याला आपण जागा, वेळ आणि तारीख सांगतो, एकदोन तारे दाखवतो, आणि एवढ्या भांडवलावर ते उरलेल्या आकाशाचे गणित मांडते. भांडवलच खोटे असेल तर गणित कितीही बिनचूक असो, नळी भलतीकडेच वळणार.

हे मला भोरजवळच्या एका माळावर, १२ जानेवारीच्या रात्री नीट कळले. माझी दुर्बीण १३० मिलिमीटर व्यासाच्या आरशाची आणि ६५० मिलिमीटर नाभीय अंतराची (आरशापासून प्रतिमा जिथे एकवटते तिथपर्यंतचे अंतर) आहे. २५ मिलिमीटरची नेत्रिका, म्हणजे डोळा लावायचे भिंग, लावली की ती २६ पट वर्धन देते आणि जेमतेम दोन अंश आकाश दाखवते, म्हणजे चार पूर्णचंद्र शेजारी शेजारी मावतील एवढेच. अंधार पडण्यापूर्वी मी तिपाई कठीण जमिनीवर रोवली, पाणसळ लावून ती समतल केली आणि लाल ठिपक्याचा फाइंडर, म्हणजे नळी कुठे रोखली आहे ते दाखवणारे छोटे साधन, दूरच्या एका मोबाइल टॉवरच्या टोकावर मुख्य नळीशी जुळवून घेतला. हे काम दिवसाउजेडी, सूर्याकडे पाठ करूनच उरकावे. रात्री ताऱ्यावर फाइंडर जुळवायचा म्हणजे आधी तारा नळीत सापडायला हवा, आणि तो सापडावा म्हणून तर फाइंडर असतो.

मग रिमोटमध्ये माहिती भरली. फोनने जागा १८.१५ उत्तर आणि ७३.८५ पूर्व अशी दाखवली, पण यंत्राला अंश आणि मिनिटे हवी असतात. दशांशाला ६० ने गुणायचे, म्हणजे १८ अंश ९ मिनिटे आणि ७३ अंश ५१ मिनिटे. दशांश तसेच लिहिले तर ८५ मिनिटे यंत्र स्वीकारतच नाही, त्यामुळे रेखांशाची चूक लगेच लक्षात येते. अक्षांशाच्या १५ मिनिटांना मात्र ते निमूटपणे मान देते. ग्रिनिचपासूनचा प्रमाणवेळेचा फरक साडेपाच तासांचा भरावा. तिथे नुसते पाच लिहिले तर अर्ध्या तासाची चूक होते, आणि पृथ्वी चार मिनिटांत एक अंश फिरत असल्याने यंत्राचे आकाश साडेसात अंशांनी सरकते. उन्हाळी वेळ आपल्याकडे नाहीच, तेव्हा तो प्रश्न विचारला की नकार द्यावा.

त्यानंतर तारीख. मी सवयीने १२/०१ लिहिले. यंत्राची तारीख अमेरिकी पद्धतीची, आधी महिना आणि मग दिवस. त्यामुळे त्याच्या लेखी ती रात्र १ डिसेंबरची झाली.

रात्रीचे आठ वाजले होते. दोन ताऱ्यांची जुळणी निवडून मी ब्रह्महृदय मध्यभागी आणला आणि दुसरा तारा म्हणून रोहिणी सांगितली. दुसऱ्या ताऱ्याकडे नळी स्वतः वळते. ती वळली, आणि रोहिणीपासून बऱ्याच अंतरावर, रिकाम्या आकाशाकडे तोंड करून थांबली. मी आधी मोटरवर संशय घेतला, मग बॅटरीवर. बॅटरी उतरली की ही यंत्रे खरोखरच वेड्यासारखी वागतात, पण माझी बारा व्होल्टची बॅटरी त्याच दुपारी चार्ज केलेली होती. दोनदा बंद-चालू करूनही तेच झाले. भाचा शेजारी बसून रिमोटवरची ताऱ्यांची यादी चाळत होता. त्याने विचारले, “मामा, व्याध तर समोर दिसतोय, मग यादीत सिरियस का नाही?”

आग्नेयेला व्याध लखलखत होता आणि यादीत त्याचे नाव नव्हते. उलट व्हेगा आणि अल्टेर, म्हणजे आपले अभिजित आणि श्रवण, यादीत होते आणि ते दोघेही केव्हाच मावळले होते. तारे रोज सुमारे चार मिनिटे लवकर उगवतात. ४२ दिवसांत हा फरक पावणेतीन तासांचा होतो. १ डिसेंबरला रात्री आठ वाजता व्याध उगवलेला नसतो आणि अभिजित पश्चिमेला रेंगाळत असतो. यंत्र त्याच्या परीने खरेच बोलत होते.

तारीख सुधारली आणि जुळणी पुन्हा केली. या खेपेस दोन गोष्टी आवर्जून पाळल्या. तारे निवडताना ते एकमेकांपासून दूर असावेत, अगदी डोक्यावर किंवा क्षितिजाला टेकलेले नसावेत. म्हणून उंच चढलेली रोहिणी सोडून ब्रह्महृदयासोबत व्याध घेतला. आणि तारा मध्यभागी आणताना शेवटची हालचाल नेहमी ‘वर’ आणि ‘उजवीकडे’ याच बटणांनी केली, कारण यंत्राच्या दातेरी चाकांमधली ढिलाई त्यामुळे एकाच बाजूला बसते. तारा थोडा धूसर करून त्याची चकती मोठी केली की मध्य साधणे सोपे जाते, ही युक्ती मला अनुभवी निरीक्षकांनी सांगितली होती आणि ती ९ मिलिमीटरच्या नेत्रिकेत फार उपयोगी पडते.

माझ्या माउंटला, म्हणजे नळी पेलून फिरवणाऱ्या बैठकीला, ध्रुवतारा लागत नाही, याचे त्या रात्री बरेच वाटले. ध्रुवाची उंची आपल्या अक्षांशाएवढी असते. भोरला तो जेमतेम अठरा अंशांवर, उत्तरेच्या धुरकट पट्ट्यात होता. विषुववृत्तीय माउंट, म्हणजे ज्याचा आस ध्रुवाकडे रोखावा लागतो तो, वापरणाऱ्यांना त्याच्याशी रोज झगडावे लागते.

जुळणी झाल्यावर मृगातला तेजोमेघ मागितला. नळी घरघरत वळली आणि तो पांढुरका पंखा नेत्रिकेत आला, मध्यापासून किंचित डावीकडे. भाच्याने तिपाईला गुडघा लावेपर्यंत तो तिथेच स्थिर होता.