तुम्ही विचारलंत म्हणून: रॅलीच्या जुन्या गाडीला किती खर्च येतो?

जुन्या गाड्यांच्या रॅलीसाठी तयार केलेली माझी मोटारसायकल पेट्रोल पंपावर उभी राहिली की कोणीतरी जवळ येतो, टाकीवर हात ठेवतो आणि विचारतो, “भाऊ, गाडीले किती खर्च लागना?” एरंडोल असो, पारोळा असो की धुळे, प्रश्न तोच असतो आणि पंपावर उभ्याउभ्या त्याचे नीट उत्तर देता येत नाही. म्हणून ते इथे सविस्तर लिहितो.

आकडा आधी सांगतो. माझी गाडी बीएसए एम-२०, म्हणजे दुसऱ्या महायुद्धात ब्रिटिश फौजेने मोठ्या संख्येने वापरलेली आणि पुढे डिस्पोझलमध्ये, म्हणजे फौजेच्या उरलेल्या मालाच्या विक्रीत, आपल्याकडे विकली गेलेली ४९६ सीसीची साइड व्हॉल्व्ह मोटारसायकल. ती लांब पल्ल्याच्या रॅलीसाठी तयार करायला, खरेदीची किंमत सोडून, मला चार लाखांच्या आसपास खर्च आला. हीच गाडी फक्त प्रदर्शनाच्या मांडवात ठेवायची असती तर साधारण निम्म्यात भागले असते. हा फरक पुष्कळांना पटत नाही, कारण जास्तीचे सगळे पैसे डोळ्यांना न दिसणाऱ्या ठिकाणी जातात.

डेंटिंग, रंग, निकेल-क्रोम, बफिंग, सीट आणि टाकीवरच्या रेघा हा दिसणारा खर्च. तो थोडाथोडका नसतो, पण कारागीर गाडी पाहून दर सांगतो, त्यामुळे त्याचा अंदाज आधी बांधता येतो. इंजिनाचा खर्च मात्र ते उघडल्याशिवाय कोणालाही सांगता येत नाही, आणि न उघडता जो ठाम आकडा सांगतो त्याच्याकडे गाडी देऊ नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

इतक्या वर्षांत या इंजिनाला कितीतरी हात लागलेले असतात. सिलिंडर वीस, चाळीस, साठ थाउ (इंचाचे हजारावे भाग) असा बोअर होत, म्हणजे आतून रुंद होत, गेलेला असतो आणि पुढे जागाच न उरल्याने स्लीव्ह (आतली नवी नळी) बसवून त्याला मूळच्या ८२ मिलिमीटरवर आणावे लागते. ब्रिटिश आट्यांचा बोल्ट मिळाला नाही म्हणून कोणीतरी तिथे मेट्रिक टॅप फिरवलेला असतो. ते भोक भरून पुन्हा आटे पाडावे लागतात. तरीही सर्वांत मोठी रक्कम क्रँकमध्ये, म्हणजे पिस्टनची वर-खाली हालचाल गोल फिरवणाऱ्या भागात, जाते. क्रँकपिन आणि रोलर झिजलेले असले तरी गाडी किकला सुरू होते, मांडवात छान आवाज करते, पाच-दहा किलोमीटर फिरूनही येते. रॅलीत दिवसाला दोनशे किलोमीटर, सलग काही दिवस चालवायची म्हटले की त्याच झिजलेल्या पिनेमुळे कनेक्टिंग रॉड तुटून क्रँककेस, म्हणजे इंजिनाचे खालचे कवच, फोडू शकतो, आणि या गाडीचा इंजिन नंबर क्रँककेसवरच कोरलेला असल्याने ती फुटली की गाडीची ओळखही धोक्यात येते. म्हणून क्रँक पूर्ण खोलायचा, फ्लायव्हीलच्या आत साचलेला तेलाचा गाळ काढायचा, नवी पिन आणि रोलर बसवायचे, मग दोन्ही फ्लायव्हील सेंटरवर फिरवत, डायल गेजची (बारीक फरक दाखवणाऱ्या मापकाची) सुई जवळजवळ स्थिर होईपर्यंत तांब्याच्या हातोडीने ठोकून सरळ करायची. हे काम भुसावळच्या एका निवृत्त रेल्वे फिटर काकांनी केले. त्यांनी सांगितलेली मजुरी मी जशीच्या तशी दिली, कारण असे हात आता फार थोडे उरले आहेत आणि त्यांच्याशी घासाघीस करणे मला अन्यायाचे वाटते.

दुसरा मोठा खर्च मॅग्नेटोचा, म्हणजे इंजिनाला ठिणगी देणाऱ्या यंत्राचा, आणि खानदेशात तो टाळताच येत नाही. या गाडीची ठिणगी बॅटरीवर अवलंबून नसते. ल्यूकासचा मॅगडायनो, म्हणजे मॅग्नेटो आणि डायनॅमो यांचा एकत्र संच, तिच्यासाठी स्वतःच वीज निर्माण करतो. त्याच्या आर्मेचरच्या (आतल्या फिरत्या भागाच्या) जुन्या वायंडिंगवर, म्हणजे तारेच्या वेटोळ्यांवर, शेलॅकचा (लाखेचा) लेप असतो आणि आत एक कंडेन्सर असतो. इंजिन थंड असताना सारे सुरळीत चालते. पण एप्रिल-मे महिन्यांत जळगाव-भुसावळकडे पारा पंचेचाळीसला टेकतो तेव्हा तापलेल्या इंजिनाला चिकटलेल्या मॅग्नेटोतील शेलॅक मऊ पडते, कंडेन्सर दगा देतो, आणि चहासाठी थांबवलेली गाडी पूर्ण थंड होईपर्यंत किकला दाद देत नाही. लोक कार्बुरेटर साफ करतात, पॉइंट घासतात, प्लग बदलतात आणि प्रत्येक थांब्यावर थोडेथोडे पैसे घालवतात. आर्मेचर रिवाइंड करून नवा कंडेन्सर टाकणे आणि चुंबक पुन्हा चार्ज करून घेणे हाच त्यावरचा खरा इलाज आहे. याशिवाय आजच्या पेट्रोलमध्ये २० टक्के इथेनॉल असते. ते जुन्या रबराला मानवत नाही आणि हवेतील ओलावा ओढून टाकी आतून गंजवते, त्यामुळे नळ्या, वॉशर आणि टाकीचे आतील काम नव्याने करावे लागते. टायरचे मापही जर दुर्मीळ असते तर मोठी अडचण झाली असती. सुदैवाने ते जुन्या बुलेटचेच, ३.२५-१९ आहे आणि तसा टायर कुठेही मिळतो.

अंतरामुळे खर्च कसा बदलतो हे परदेशातही दिसते. इंग्लंडमधील पायोनियर रन १९३० पासून चालत आली आहे. तिच्यात १९१५ पूर्वीच्या गाड्या ब्रायटनपर्यंत जातात आणि प्रवास एका दिवसात संपतो. अमेरिकेत २०१० साली झालेल्या पहिल्या मोटारसायकल कॅननबॉलमध्ये जवळपास त्याच वयाच्या गाड्या पूर्व किनाऱ्यावरील किटी हॉकपासून पश्चिम किनाऱ्यावरील सांता मोनिकापर्यंत, पाच हजारांहून अधिक किलोमीटर चालवल्या गेल्या. अशा प्रवासाला सोबत मेकॅनिक आणि सुट्या भागांनी भरलेली गाडी लागते. आपल्याकडेही मागून येणाऱ्या टेम्पोचे भाडे आणि डिझेल खर्चात धरावेच लागते.

कागदपत्रांचा खर्च तुलनेने सरळ आहे. २०२१ च्या केंद्रीय नियमांनुसार पहिल्या नोंदणीपासून ५० वर्षांहून जुन्या दुचाकीची व्हिंटेज म्हणून नोंदणी होते, मात्र तिच्या सांगाड्यात आणि इंजिनात मोठे फेरबदल झालेले नसावेत. नव्या नोंदणीचे शुल्क २०,००० रुपये असून ती १० वर्षे चालते, आणि नूतनीकरणाला ५,००० रुपये लागतात. अशी गाडी रस्त्यावर आणण्यास प्रदर्शन, तांत्रिक संशोधन, रॅली, इंधन भरणे आणि देखभाल एवढ्याच कारणांसाठी परवानगी आहे. त्यामुळे रोजच्या वापरासाठी गाडी हवी असेल तर हा मार्ग निवडण्यापूर्वी नीट विचार करावा.

मला विचारणाऱ्यांपैकी बहुतेकांच्या घरी आजोबांची बुलेट पडून असते. त्यांचे गणित बरेच सोपे आहे, कारण बुलेट १९५५ पासून मद्रासमध्ये बनू लागली आणि तिचे बहुतेक भाग आजही नवे मिळतात; माझ्या अंदाजाने दीड लाखाच्या आत ती रॅलीला तयार होते. पहिले पैसे क्रँकला आणि दुसरे वायरिंगला घाला. मग कच्च्या रंगातच जळगाव ते धुळे सपाटीवर चालवा, इंजिन रुळले की चाळीसगावहून कन्नडचा घाट चढवून पाहा, आणि परत आल्यावर ते एकदा पुन्हा उघडा. या दुसऱ्या उघडणीचे पैसे सुरुवातीलाच बाजूला काढून ठेवा. पक्का रंग त्यानंतरच लावा, कारण इंजिन फ्रेममधून उतरवताना नव्या रंगावर ओरखडे पडतात आणि तो खर्च दुसऱ्यांदा करावा लागतो.