रेस्क्यू मोडमध्ये आधी हत्यारं गोळा करावी लागतात

सांगलीच्या एका हळद व्यापाऱ्यांचं हिशेबाचं सॉफ्टवेअर आम्ही सांभाळतो. ज्या भाड्याच्या सर्व्हरवर ते चालतं, तो एका सकाळी लटकला आणि सक्तीच्या रीबूटनंतर वर आलाच नाही. कन्सोलवर फाइल सिस्टिम बिघडल्याची ओळ आणि खाली 'एफएससीके हाताने चालवा' अशी सूचना. एफएससीके म्हणजे फाइल सिस्टिम (डिस्कवरची फाइलींची मांडणी) तपासून दुरुस्त करणारा प्रोग्राम. बॅकअप आदल्या रात्रीचा होता, पण सकाळपासून फाडलेल्या पावत्या त्यात नव्हत्या. त्या सोडायची माझी तयारी नव्हती आणि व्यापाऱ्यांची तर नव्हतीच.

होस्टिंगच्या पॅनलवर रेस्क्यू मोडचं बटण असतं. ते दाबून रीबूट केलं की सर्व्हर स्वतःच्या डिस्कवरून न उठता नेटवर्कवरून एक छोटं लिनक्स खेचतो आणि ते थेट रॅममध्ये चालू करतो. रूटचा तात्पुरता पासवर्ड मिळतो. एसएसएचने, म्हणजे दुरून, लॉगिन केल्यावर 'होस्ट की (सर्व्हरची ओळख) बदलली आहे' म्हणून आरडाओरडा होतो. तो होणारच, कारण पत्ता तोच असला तरी समोरची सिस्टिम वेगळी आहे. जुनी की कायमची पुसण्यापेक्षा तेवढ्या लॉगिनपुरती नोन होस्टची फाइल (जिच्यात ओळखीच्या सर्व्हरच्या की असतात) 'डेव्ह नल' या कचराकुंडीकडे वळवावी, म्हणजे नंतर मूळ सर्व्हर परत आला की पुन्हा तोच तमाशा होत नाही.

आत गेल्यावर पहिली नजर ओएस-रिलीज फाइलवर टाकली. डेबियन १०, म्हणजे २०१९ सालचं, कर्नल ४.१९. आमचा सर्व्हर उबुंटू २४.०४ वर. इथेच पाल चुकचुकली होती, पण आधी डिस्क बघायच्या होत्या आणि त्यासाठी लागणारं काहीच तिथे नव्हतं. ना डिस्कची तब्येत सांगणारं स्मार्टसीटीएल, ना डिस्कच्या जोड्या (रेड) सांभाळणारं एमडीअॅडम.

पॅकेजेस आणणाऱ्या एपीटीचं अपडेट मारलं तर ४०४ वर ४०४, म्हणजे फाइल सापडत नाही. डेबियन १० चा एलटीएस, म्हणजे लांबवलेला, आधार ३० जून २०२४ ला संपला आणि पुढे त्याची पॅकेजेस नेहमीच्या मिररवरून उठून अर्काइव्हच्या सर्व्हरवर गेली. रेस्क्यूची इमेज बनवणाऱ्यांनी ती यादी कधी उघडून पाहिली नसावी. सोर्सेस-लिस्टमधला पत्ता बदलून अर्काइव्हचा टाकला. मग रिलीज फाइलची मुदत संपल्याची तक्रार सुरू झाली. एपीटीला 'चेक-व्हॅलिड-अंटिल' फॉल्स करून सांगितलं की गप बसतं. यात फक्त तारखेची तपासणी बंद होते, सहीची चालूच राहते, त्यामुळे ते बिनधास्त करावं. सही न तपासता पॅकेज घ्यायची सवलतही एपीटी देतं, पण रूट म्हणून बसलेलं असताना ती घेऊ नये.

एमडीअॅडम टाकताना 'नो-इन्स्टॉल-रेकमेंड्स' जोडायला विसरू नका. नाहीतर शिफारशीच्या नावाखाली एक्झिम, म्हणजे अख्खा मेल सर्व्हर, मागोमाग येतो. एरवी हरकत नसते, पण इथे रूटवरची जागा म्हणजे रॅम. आमच्याकडे १६ जीबी रॅमपैकी निम्मी त्या ओव्हरलेला, म्हणजे रॅममधल्या या रूटला, मिळाली होती. खराब डिस्कवरून डेटा काढणारं डीडीरेस्क्यूही घेऊन ठेवलं. डेबियनमध्ये त्याच्या पॅकेजचं नाव जी लावून, जीडीडीरेस्क्यू असं आहे. बिनाजीचं पॅकेज हा वेगळाच प्रोग्राम आहे, आणि घाईत माणूस हमखास तोच उचलतो.

स्मार्टच्या अहवालात दुसऱ्या डिस्कवर पेंडिंग सेक्टर, म्हणजे नीट वाचता न येणारे तुकडे, दिसले, पहिली ठणठणीत. दोन्ही रेड-१ मध्ये, म्हणजे एकमेकींच्या नकला. म्हणून अॅरे, म्हणजे ही जोडी, फक्त पहिल्या डिस्कवर, अर्धवट अवस्थेत, 'रन' देऊन चालू केला. दुसरीला हातही लावला नाही. दुरुस्ती अंगाशी आली तर मागे जायला ती होती. आजारी का होईना, पण होती.

एवढी तयारी करून ई-टू-एफएससीके, म्हणजे ईएक्सटी-४ या फाइल सिस्टिमचं एफएससीके, चालवलं आणि पाल का चुकचुकली होती ते कळलं. त्याने डिस्ककडे बघितलंसुद्धा नाही. 'फीचर सी-१२' नावाचं काहीतरी आपल्याला येत नाही, नवीन ई-टू-एफएससीके आणा, असं सांगून ते थांबलं. आग विझवायला बंब यावा आणि त्याची शिडी दुसऱ्या मजल्यापर्यंतच पोचावी, तशातली गत.

सी-१२ म्हणजे ऑर्फन फाइल. एखादी फाइल डिलीट केलेली असते, पण कुठल्यातरी प्रोग्रामने ती उघडी धरलेली असते. अशा अनाथ फाइलींची नोंद ईएक्सटी-४ पूर्वी एका साखळीत ठेवायचं. लिनक्स ५.१५ पासून त्यासाठी वेगळी फाइल ठेवायची सोय आली आणि फेब्रुवारी २०२३ मध्ये आलेल्या ई-टू-एफएस-प्रॉग्ज (ई-टू-एफएससीके ज्यात येतं तो संच) १.४७ ने ती नव्या डिस्कवर आपोआप चालू करायला सुरुवात केली. डेबियन १० कडे १.४४. त्याच्या जन्माच्या वेळी ही भानगडच नव्हती. माउंट करून पाहिलं तर कर्नलही अडला: ओळखीचं नसलेलं फीचर असल्याने लिहिण्यासाठी उघडणार नाही. फक्त वाचण्यासाठी, आणि जर्नलला (चालू बदलांच्या नोंदवहीला) हात लावू नये म्हणून 'नोलोड' देऊन, उघडलं. डेटाबेसचं फोल्डर जागेवर दिसल्यावर आधी ते बाहेर कॉपी करून घेतलं. तेवढ्यात फोन.

"साहेब, किती वेळ लागंल अजून?"

"पावत्या दिसतायत, शेठ. तासाभराने मीच करतो फोन."

नवीन ई-टू-एफएससीके आणायचे दोन मार्ग होते. सोर्स आणून तिथेच कंपाइल करायचं, किंवा रॅममध्येच एक ताजं डेबियन उभं करायचं. मी दुसरा घेतला, कारण पुढे आणखी काही नवीन लागलं तर पुन्हा कंपाइल करत बसावं लागत नाही. डीबूटस्ट्रॅप नावाचं हत्यार हे काम करतं. जागा म्हणून 'रन' फोल्डर दिलं तर त्याने नकार दिला. तिथून प्रोग्राम चालवायला बंदी असते, नोएक्झेक. मग दोन जीबीचा वेगळा टीएमपीएफएस, म्हणजे रॅममधली डिस्क, माउंट केला. आता म्हणे, बुकवर्म नावाची स्क्रिप्टच माझ्याकडे नाही. बरोबरच आहे, डेबियन १२ या बिचाऱ्याने कधी पाहिलंच नव्हतं. पण त्या स्क्रिप्टच्या फोल्डरमध्ये डेबियनच्या आवृत्त्यांची बहुतेक नावं 'सिड' या एकाच स्क्रिप्टकडे बोट दाखवत असतात. बुकवर्म नावाची तशीच एक सिमलिंक करून दिली आणि मिनबेस, म्हणजे कमीत कमी पॅकेजेसचा, प्रकार निवडला. पॅकेजेस सरसर उतरू लागली.

नव्या घरात 'डेव्ह' आणि 'प्रॉक' ही सिस्टिमची फोल्डरं बाइंड करून (जोडून) चरूट केलं, म्हणजे त्यालाच रूट मानून आत शिरलो. बुकवर्ममध्ये १.४७ येतंच. आधी माउंट काढून ई-टू-एफएससीके 'एन' लावून चालवलं, म्हणजे काही न बदलता नुसतं काय बिघडलंय ते सांग. यादी लांब होती पण भीतीदायक नव्हती: ब्लॉकचे हिशेब चुकलेले, काही आयनोड (फाइलींच्या नोंदी) लोंबकळत. मग खरं चालवलं. शेवटी लॉस्ट-अँड-फाउंडमध्ये पाच-सात फाइली निघाल्या, सगळ्या लॉगच्या.

रेस्क्यू बंद करून रीबूट केला. अॅरे अर्ध्यावरच उठला. जुनी पडलेली दुसरी डिस्क कर्नलने 'नॉन-फ्रेश' म्हणून स्वतःच बाहेर काढली. पोस्टग्रेस हा डेटाबेस विनातक्रार सुरू झाला. पावत्यांचा शेवटचा नंबर शेठनी फोनवर वाचून जुळवला, आणि मी पेंडिंग सेक्टरचे आकडे जोडून डिस्क बदलायचं तिकीट टाकलं. त्याच तिकिटात खाली रेस्क्यू इमेजच्या वयाबद्दलही दोन ओळी लिहिल्या. डिस्क रात्री बदलून मिळाली. इमेजबद्दल उत्तर आलं की सूचना संबंधित विभागाकडे पाठवली आहे.

रॅममधलं ते सगळं रीबूटबरोबर गेलंच. आता अर्काइव्हचा पत्ता, टीएमपीएफएस, सिमलिंक आणि डीबूटस्ट्रॅप हे सगळं एका शेल स्क्रिप्टमध्ये घालून लॅपटॉपवर ठेवलंय. रेस्क्यूत शिरलं की एससीपीने ती वर टाकायची आणि चालवायची.